ग्रब दिसत नाही म्हणून फॉरमॅट? अजिबात करू नका

तुम्ही विचारलंय, "विंडोज अपडेट झाल्यापासून ग्रबचा मेनू येत नाही, थेट विंडोज सुरू होतं. दुकानदार फॉरमॅट करायला सांगतोय, करू का?" नाही. ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना विंडोज की लिनक्स, हे विचारणारा छोटा प्रोग्राम; तो दिसत नाही म्हणजे फाइल गेल्या असं नाही. आधी लॅपटॉप दुकानातून घरी आणा.

२०१९ साली मी पुण्यात नोकरीला होतो आणि लॅपटॉप गावी होता, विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही असलेला. सारखा हँग होतो म्हणून दादाने तो तालुक्याच्या दुकानात दिला. त्यांनी बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, त्यात उबुंटूची बूट नोंद पुसली गेली आणि मशीन सरळ विंडोजमध्ये जायला लागलं. इथपर्यंत काहीच गेलं नव्हतं. पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यांना एक मोठं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, दिसलं, त्याला ना अक्षर, ना नाव. विंडोजला ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सची फाइल ठेवायची पद्धत, वाचता येत नाही, म्हणून ते तसंच दिसतं. "एवढी जागा वाया चाललीय," म्हणत त्यांनी त्याचा डी ड्राइव्ह करून दिला.

त्या जागेत आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या शेजारी बसून मी चाळीस मिनिटं रेकॉर्ड केल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात आजी गेली. दुसरी कॉपी ठेवली नाही, ही चूक माझी. तरीही साधी हार्डडिस्क होती, टेस्टडिस्क (हरवलेलं पार्टिशन शोधणारा प्रोग्राम) चालवून पार्टिशन बहुतेक परत मिळालं असतं. मी गावी पोचेपर्यंत दादाने त्या ड्राइव्हवर लग्नाचे व्हिडिओ भरले होते, त्यांच्याखाली ओव्या कायमच्या पुसल्या गेल्या.

दादा अजून म्हणतो, "तू लिनक्स टाकलंस म्हणून गेलं." लिनक्समुळे काहीही गेलं नाही. न विचारता फॉरमॅट मारल्यामुळे गेलं.

तुमचं बहुतेक पाच मिनिटांचं काम आहे. मशीन चालू करताना बूट मेनू उघडा: डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९. यादीत उबुंटू दिसलं तर तेच निवडा, सुरू होईल. मग बायोसमध्ये जाऊन त्याला पहिल्या क्रमांकावर आणा. यादीत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट सुरू होतं) यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसच्या, मोडमध्ये बूट करून बूट-रिपेअर हा ग्रब दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवा. ग्रब आलं पण त्यात विंडोज नाही, असं झालं तर घाबरू नका. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर, म्हणजे डिस्कवरची दुसरी सिस्टिम शोधणारा भाग, मुळातच बंद असतं, ते ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये चालू करून अपडेट-ग्रब ही कमांड द्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) मात्र बंदच ठेवा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. घड्याळ साडेपाच तास पुढेमागे दिसलं तर तोही बिघाड नव्हे. विंडोज मदरबोर्डवर स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ.

हो, एक राहिलं, आणि हे सगळ्यात आधी करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट (बायोसमधली सुरक्षेची सेटिंग) बदललं की ती मागितली जाऊ शकते. आणि मी सांगितलं ते यूईएफआय मशीनसाठी. जुन्या एमबीआर (आधीची बूट पद्धत) वाल्यांना ग्रब डिस्कच्या सुरुवातीला पुन्हा बसवावं लागतं.

त्यातूनही दुकानात द्यावाच लागला, तर बिनअक्षराच्या पार्टिशनला हात लावायचा नाही, हे लिहून त्यावर चिकटवा. दादाला त्या दिवशी मी फोनवर एवढंच सांगायला हवं होतं.