तास विद्यार्थ्याचे मोज

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल वाचली, सोबतची मॉड्यूल-पुस्तिकाही, म्हणजे एकेका विषयाचा तपशील, चाळली. तू नवीन आहेस आणि नाही म्हणणार नाहीस, म्हणून डीननी जर्मनीतल्या तुमच्या विभागाच्या अभ्यासक्रमाचा तक्ता भरायचं काम तुझ्या गळ्यात घातलंय. ज्येष्ठ प्राध्यापक आपल्या लेक्चरचा एक तास सोडायला तयार नाहीत, गुणवत्ता-विभागाला ॲक्रेडिटेशनसाठी, म्हणजे अभ्यासक्रमाच्या मान्यतेसाठी, सगळे रकाने भरून हवेत, आणि तू मला विचारतोस की अध्ययन निष्पत्तीत, म्हणजे विषय शिकून विद्यार्थ्याला काय जमेल त्या वाक्यात, 'विश्लेषण करतो' लिहू की 'मूल्यमापन करतो'. शेवटी विचारतोस, दोघांपैकी कुणाचं ऐकू?

दोघांनाही थोडं थांबू दे. आधी विद्यार्थ्याचे तास मोज.

तू पुण्यात शिकलास. तिथे वर्षानुवर्षं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास लेक्चर, हे आपल्या अंगवळणी पडलंय. त्यामुळे तक्ता भरताना तुझा हात आपोआप शिकवणाऱ्याच्या वेळापत्रकाकडे गेला. (2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात भारतातही वर्षाला 1200 तासांचं एकूण शिकणं धरलंय, पण सवय इतक्या लवकर जात नाही.) युरोपातलं क्रेडिट 1989 मध्ये इरॅस्मस या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेत आलं, ते दुसऱ्या देशात केलेला अभ्यास घरी धरला जावा म्हणून. वर्षाला 60 क्रेडिट, म्हणजे 1500 ते 1800 तास. त्यात लेक्चर आलं, घरचा अभ्यास आला, जर्नल लिहिणं आलं, परीक्षेची तयारी आली. तीस तासांचं क्रेडिट धरलं तर 1800 तास, म्हणजे आठवड्याला 40 तासांप्रमाणे 45 आठवडे. इतकं एका तरुण माणसाचं वर्ष आपण घेतो. त्याहून जास्त घ्यायचा आपल्याला अधिकार नाही.

तुझ्या तक्त्यातलं 'मेकॅनिक्स 2' घे. पाच क्रेडिट, म्हणजे 150 तास. लेक्चर आणि उदाहरणांचा वर्ग मिळून आठवड्याला चार तास, पंधरा आठवड्यांचे 60 झाले. परीक्षेच्या तयारीला 30 ठेव. उरले 60. म्हणजे आठवड्याला घरी चार तास. आता त्या मॉड्यूलमध्ये दर आठवड्याला जो गणितांचा कागद देतात, तो मागवून घे आणि संध्याकाळी स्वतः सोडवायला बस. मधे फोन बघू नकोस. तुला, पीएचडी झालेल्या माणसाला, तीन तास लागले, तर एकोणीस वर्षांच्या मुलाला किती लागतील? त्यातही ज्याला प्रश्न जर्मनमधून वाचून मनात दुसऱ्या भाषेत लावावा लागतो, त्याला? अशी सहा मॉड्यूल एका सेमिस्टरला. शिवाय प्रयोगशाळेचे रिपोर्ट, ज्यांचे तास तुझ्या तक्त्यात कुठेच नाहीत. संध्याकाळी गोदामात पार्सलं लावणारी आपली मुलं मी पाहते, ती कामचुकार नाहीत. मग निम्मा वर्ग नापास झाला की स्टाफरूममध्ये म्हणायचं, मुलं पूर्वीसारखी राहिली नाहीत. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझा संताप होतो.

मी डिप्लोमच्या, म्हणजे इथल्या जुन्या सलग पदवीच्या काळातली. साडेचार-पाच वर्षांचा अभ्यास होता, आणि कोणती परीक्षा कधी द्यायची हे बरंचसं विद्यार्थी ठरवायचा. तो अभ्यासक्रम सहा सेमिस्टरच्या बॅचलरमध्ये बसवायची वेळ आली तेव्हा आमच्या अभ्यासमंडळात प्रत्येकाने आपला विषय अख्खा आत आणला. जो तो म्हणे, माझा पाया आहे, तो काढला तर इमारत पडेल. मी अडून बसले. प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्याचे तास कागदावर मांडून दाखवल्याशिवाय हात वर करणार नाही, असं सांगितलं. प्रस्ताव लांबला. मला हटवादी म्हणाले, एका सहकाऱ्याने बोलणं टाकलं. माझ्या हट्टामुळे विभागाची अडचण झाली असं आजही काहींचं मत आहे. असू दे. त्या हट्टामुळे दोन विषयांची परीक्षा एक झाली आणि पहिल्या वर्षाला श्वास घ्यायला जागा मिळाली. हळहळ एकाच गोष्टीची आहे: परदेशी जाण्यासाठी मोकळा ठेवलेला पाचवा सेमिस्टर मतदानात गेला. त्यानंतर कितीतरी मुलं कुठेही न जाता पदवी घेऊन बाहेर पडली.

तू लिहितोस की 'बोलोन्यामुळे हे करावंच लागतं' असं तुला सांगितलं. कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, नाव नको. 19 जून 1999 ला 29 देशांनी बोलोन्यात सही केलेला, युरोपातल्या पदव्यांची रचना जुळती करण्याचा तो जाहीरनामा तू वाचलास का? जेमतेम काही पानांचा आहे, आजच वाच. पहिला टप्पा, म्हणजे बॅचलर, किमान तीन वर्षांचा, मुदतीबद्दल एवढंच त्यात आहे. सहाच सेमिस्टर हवेत, हजेरी सक्तीची हवी, प्रत्येक छोट्या विषयाला वेगळी परीक्षा हवी, यातलं काहीही त्यात नाही. ते इथल्या बैठकांमध्ये ठरलं. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात मेकॅनिकलला आजही डिप्लोम मिळतो. 2009 मध्ये जर्मनीत आणि ऑस्ट्रियात विद्यार्थी रस्त्यावर आले, सभागृहं अडवून बसले, ते या परीक्षांच्या भडिमारामुळेही. पुढच्याच वर्षी जर्मन शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेला नियम बदलावा लागला: मॉड्यूल सहसा पाच क्रेडिटपेक्षा लहान नको, आणि त्याला शक्यतो एकच परीक्षा. म्हणजे नियम तुझ्या बाजूने आहे. 2015 मध्ये येरेवानला मंजूर झालेल्या गुणवत्तेच्या युरोपीय मानकांतही अभ्यासक्रमाचा आढावा घेताना विद्यार्थ्यावरचा भार पाहायला सांगितलंय. तपासणीला येणाऱ्या मंडळात एक विद्यार्थी असतो. तो तुला क्रियापदं विचारणार नाही. तास विचारेल.

आता ती क्रियापदं. तो क्रियापदांचा तक्ता मिटून ठेव. परीक्षेचा प्रश्न आधी लिही, मग निष्पत्ती आपोआप सुचेल. तू चौथ्या मॉड्यूलमध्ये लिहिलंयस, 'विद्यार्थी फायनाइट एलिमेंट पद्धतीने भागाची ताकद तपासतो'. छान आहे. पण ही पद्धत संगणकावर चालते, ते सॉफ्टवेअर शिकायला वेळ कुठे धरलास? आणि परीक्षा लेखी, कॅल्क्युलेटरवर! एक तर प्रकल्प ठेव आणि त्याला 40 तास दे, नाहीतर ते वाक्य काढून टाक. तास न देता निष्पत्ती लिहिणं म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक आहे, आणि तू तसा मुलगा नाहीस.

इरॅस्मसहून परतलेल्या मुलीचं प्रकरण विचारलं होतंस. तिने स्पेनमध्ये केलेला विषय 'आमचं सातवं प्रकरण त्यात नाही' म्हणून नाकारताहेत ना? परदेशात केलेला अभ्यास मान्य करण्याबाबतचा 1997 चा लिस्बन करार दाखव. फरक मोठा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी विद्यापीठाची आहे, तिची नाही. तिचे तास तिथे खर्ची पडलेत, ते पुन्हा मागायचे नाहीत.

ज्येष्ठांशी भांडू नकोस, पण माघारही घेऊ नकोस. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक साधा कागद दे, रोज किती वेळ कशाला लागला ते त्यांनी नाव न घालता चार आठवडे लिहायचं. तो बैठकीत टेबलावर ठेव आणि गप्प बस. मला कुणी असा कागद भरून दिला असता तर माझं निम्मं भांडण वाचलं असतं.

रविवारपर्यंत तिसऱ्या सेमिस्टरचा तक्ता नव्याने करून पाठव. प्रयोगशाळेच्या रिपोर्टांचे तास त्यात वेगळ्या रकान्यात हवेत, थर्मोडायनॅमिक्समध्ये मिसळू नकोस. आणि रात्री जेवून घेत जा, आईचा फोन आला होता.

तुझी,
मावशी