बोलून मराठी टाइप करायचं, तर भारी कॉम्प्युटर लागतो का?

तुमचे वडील निवृत्त शिक्षक, हात थरथरतो म्हणून आठवणी बोलून लिहायच्या आहेत. राजारामपुरीतल्या दुकानदारानं ग्राफिक्स कार्डासकट कोटेशन हातात ठेवलंय, ते घ्यावं का, असा तुमचा प्रश्न.

एवढ्यात घेऊ नका. मी इथंच कोल्हापुरात टायपिंगची कामं करतो, त्यातलं निम्मं आता बोलूनच होतं. गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग वापरणार असाल तर आवाज ओळखायचं काम घरच्या मशिनवर होतच नाही. आवाज नेटवरून त्यांच्या सर्व्हरला जातो, तिथून मजकूर येतो. 8 जीबी रॅम, एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क आणि न तुटणारं नेट, बास झालं.

पैसे घालायचेच तर माइकमध्ये घाला. एकदा लॅपटॉपच्या माइकवर, डोक्यावर पंखा गरगरत असताना, मी एका अडत्याचा अर्ज सांगत होतो. ‘गुळाचा सौदा’ म्हटलं की ‘मुळाचा सौदा’ उमटायचं. तीनदा ओरडून सांगितलं, तर शेजारचा चहावाला ‘काय भांडण झालं वो?’ म्हणून डोकावून गेला. शेवटी वायरचा यूएसबी हेडसेट आणला. माइक तोंडासमोर नाही, ओठाच्या कोपऱ्यापाशी, दोन बोटं लांब ठेवायचा, म्हणजे श्वासाची फुसफुस त्यात जात नाही. गूळ जाग्यावर आला. ब्लूटूथ टाळा, त्यात माइक सुरू झाला की बऱ्याचदा आवाजाचा दर्जा घसरतो.

कार्ड लागतं ते नेटशिवाय काम करायचं असेल किंवा तासतासाची रेकॉर्डिंग उतरवायची असतील तेव्हा. ओपनएआय कंपनीनं 2022 मध्ये खुलं केलेलं, बोलण्याचा मजकूर करणारं व्हिस्पर हे सॉफ्टवेअर त्यासाठी आहे, मराठीही येतं त्याला. ते लहानमोठ्या मॉडेलांत मिळतं, पण छोट्या मॉडेलांची मराठी वाचवत नाही. मीडियम म्हणजे मधल्या मॉडेलला साधारण 5 जीबी आणि लार्ज म्हणजे मोठ्याला 10 जीबी ग्राफिक्स मेमरी, म्हणजे कार्डावरची मेमरी, लागते. तुमच्या कोटेशनमध्ये 4 जीबीचं कार्ड असेल तर ते धड इकडचं ना तिकडचं. घाई नसेल तर व्हिस्पर नुसत्या प्रोसेसरवरही चालतं, रात्री लावून झोपायचं.

एक अडचण मात्र राहते. गूगल डॉक्समध्ये मराठी बोलताना ‘पूर्णविराम’ म्हटलं तर टिंब येत नाही, ते हातानंच द्यावं लागतं. वडिलांना मोठ्या बटणांचा कीबोर्ड द्या, नाहीतर टिंबं द्यायला संध्याकाळी नातवाला बसवा.