पीएच बफरची बाटली आधी कपाटात ठेवा

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंत: गोव्यात पर्वरीला बंद फ्लॅट, २०० लिटरचा समुद्री कोरलचा टँक, पावसाळा लागल्यापासून सकाळचा पीएच ७.८ वर उतरलेला, म्हणून तो चढवायला रोज एक झाकण बफर. आणि आता केएच (पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, जर्मन अंशांत) १२.८ वर चढलेला, ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं पांढरी. तुमची पोस्ट वाचताना क्षणभर वाटलं, ही आपणच कधीतरी लिहिली होती की काय. तेव्हा प्राथमिक गोष्टी सोडून थेट मुद्द्याचं सांगतो.

तुमच्या पाण्यात अल्कलिनिटी कमी नाही, घरात कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, आत माणसं, गॅस चालू. तो वायू पाण्यात उतरतो आणि पीएच खाली बसतो. बफर म्हणजे शेवटी कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच. घातला की पीएच थोडा वेळ उडी मारतो, पाण्याचा हवेशी मेळ बसला की जवळजवळ होता तिथेच येतो. केएच मात्र कुठे जात नाही, रोजच्या झाकणागणिक साचत राहतो. ज्या दुकानाने मला ही बाटली गळ्यात मारली, तिथे केएच किती आहे हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. पीएच ऐकला, बाटली पुढे केली! पैशांचं सोडा, कोरलच्या गेलेल्या कॉलनी परत येत नाहीत. अशा दुकानातून पाइप आणि क्लिपा घ्याव्यात, सल्ला नाही.

माझ्यावरही आंधळा विश्वास नको. भांडंभर टँकचं पाणी बाल्कनीत ठेवा, एअरस्टोन लावून दोनेक तास बुडबुडे सोडा आणि पीएच मोजा. ८.१ च्या पुढे गेला तर दोषी घरातली हवा. मग स्किमरच्या (पाण्यात हवा फेटून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) हवेची नळी खिडकीबाहेर काढा. लांब नळी बारीक असेल तर स्किमर हवा कमी ओढतो, म्हणून जाड घ्या. बाहेरचं तोंड खाली वळवा म्हणजे पावसाचं पाणी शिरणार नाही, आणि मुंग्यांसाठी जाळी बांधा. चवथीला घर पाहुण्यांनी भरलं, समया लागल्या की पीएच आणखी उतरेल. उतरू द्या, बाटलीला हात लावू नका.

१२.८ खाली आणायला ॲसिड, व्हिनेगर काही नको. डोस बंद करा, कोरल वाढताना केएच वापरून स्वतःच खाली आणतील. ८ केएचचं पाणी देणाऱ्या समुद्री मिठाने १०% पाणी बदललंत तर साधारण अर्धा अंश उतरतो. पण मिठाचा केएच आधी मोजा, काही मिठं ११-१२ ची असतात, आणि दमट हवेत डबा उघडा राहून गठ्ठे झालेलं मीठ तर भरवशाचंच नाही. टोकं जळतात ती बहुधा केएच चढा आणि पाण्यात पोषण नसताना, म्हणून नायट्रेट शून्यावर नेऊ नका, ५ ते १० पीपीएम ठेवा. (हे सगळं एसपीएससाठी, म्हणजे ॲक्रोपोरासारख्या छोट्या पॉलिपच्या कठीण कोरलसाठी. मश्रूम, झोआ अशा चिवट कोरलचा टँक असेल तर एवढी धास्ती नको.)

केएच मोजायचं किटही तपासून घ्या. ३ ग्रॅम खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे, त्यात स्टार्च आणि आम्ल असतं) १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा १ लिटर करा. हे झालं १० केएच. किट ११.५ दाखवत असेल तर तेवढा फरक मनात धरा. सिरिंजच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो.

टॉप-ऑफमधून (उडून गेलेल्या पाण्याच्या जागी घालतात त्या पाण्यातून) केएचसाठी चुना देणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: पावसाळ्यात बाष्पीभवन कमी, म्हणजे टॉप-ऑफ कमी, म्हणजे चुनाही कमीच जातो. जळलेली टोकं भरून काढायला गोव्याच्या समुद्रातल्या ग्रँड आयलंडवरून कोरल आणायचा विचार मात्र नको, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत ती.

नळी बाहेर गेली, पीएच ८.१-८.२ ला टेकला की कोरल वाढू लागतात आणि केएचचा खप वाढतो. केएच ८.५ ला उतरला की दोन दिवस काही न घालता रोज एकाच वेळी मोजा. जेवढी घट, तेवढाच डोस. १०० लिटर पाण्याचा केएच १ ने वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. दगड आणि वाळू वजा जाता तुमच्याकडे पाणी १६० लिटरच्या आसपास असेल, म्हणजे रोज ०.४ घटत असेल तर जेमतेम २ ग्रॅम.