पाठात मन लागत नाही, देवी रागावली का?

"ताई, सप्तशती वाचते, पण निम्मं लक्ष फोनकडे. देवी कोपली असेल का हो?"

नवरात्र सरलं की इंदुरात हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. या वेळी विचारणाऱ्या काकू साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन्ही मुलं परगावी, घराच्या वाटणीवरून बोलणं बंद. काकूंना साक्षीभाव हवा होता. मनात येईल ते नुसतं पाहायचं, अडकायचं नाही. जमेना, म्हणून त्यांनी पाठ वाढवला आणि झोप कमी केली.

मी आधी झोपेचंच विचारलं. मग जेवण, कोणी आज्ञा देतंय असे आवाज, आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं. यातलं काही असतं तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. साधनेच्या नावाखाली असलं झाकून ठेवणं मला मुळीच पटत नाही. सुदैवाने तसं काही नव्हतं.

मग त्यांच्याच पोथीचा पहिला अध्याय त्यांना अर्थासकट वाचायला लावला. आपल्याला महिषासुराकडे पोचायची घाई असते, त्यात ही सुरुवात निसटते. राज्य गेलेला सुरथ राजा आणि धनाच्या लोभाने बायकामुलांनी घराबाहेर काढलेला समाधी वैश्य मेधा ऋषींना विचारतात: कळतं सगळं, तरी मन तिकडेच का ओढ घेतं? ऋषी रागावत नाहीत. महामाया ज्ञानी माणसांची मनंही मोहाकडे खेचून नेते, असं सांगतात.

काकू वाचता वाचता थांबल्या. "अगंबाई, हा समाधी म्हणजे मीच की!"

पाचव्या अध्यायात तर देवी चेतना आहे, तशीच निद्रा, क्षुधा आणि भ्रांतीसुद्धा. जागेपण तेवढं देवीचं आणि भरकटणं आपलं पाप, अशी वाटणी पोथीत कुठे आहे?

आम्ही ठरवलं: 13 अध्याय रोज नकोत, सात दिवसांत वाटून वाचायचे. मन फोनकडे गेलं की 'थोरल्याची आठवण' एवढंच मनाशी म्हणायचं आणि पुढच्या ओळीवर यायचं. आणि घराचा विषय न काढता त्याला स्वतःहून फोन करायचा.

थोरला बोलला, जेमतेम. धाकट्याने अजून उचललेला नाही. पुढच्या भेटीत काकू शेवटचा अध्याय वाचून आल्या होत्या. तिथे सुरथ राज्य मागतो, समाधी ज्ञान, आणि देवी दोघांनाही देते.

"मी दोन्ही मागितलं तर?"

"मागा की," मी म्हटलं, "पण रात्री दहाला दिवा मालवून."