'घनु वाजे घुणघुणा' हे प्रेमगीत आहे की अभंग?

तुम्ही विचारलंय की बहिणीच्या लग्नात संगीताच्या कार्यक्रमाला 'घनु वाजे घुणघुणा'वर नाच बसवताय. काका म्हणतात हा अभंग आहे, लग्नात शोभत नाही. तुम्हाला मात्र ते सरळसरळ प्रेमगीत वाटतं, मग यात अध्यात्म नेमकं कुठे आहे?

काका बरोबर आहेत, आणि तुमचंही चुकलेलं नाही. नाच बसवा. पण आधी माझा एक किस्सा ऐका.

सहावीत असताना गॅदरिंगला आम्ही आठ मुली याच गाण्यावर नाचलो होतो. निळ्या साड्या, हातात कागदी चाफा. शेवटच्या कडव्याला बाईंनी मोरपीस लावलेला, बासरी घेतलेला कृष्ण मंचावर आणला आणि आम्ही त्याच्याभोवती फेर धरला. टाळ्या जोरदार पडल्या. बऱ्याच वर्षांनी अभंग पुस्तकात पूर्ण वाचला, तेव्हा लक्षात आलं की त्यात कृष्णाला बोलावणं आहे, पण तो शेवटपर्यंत भेटायला येतच नाही. शेवटी काहीतरी वेगळंच होतं.

लता मंगेशकरांच्या आवाजामुळे आणि हृदयनाथांच्या चालीमुळे हे गाणं घरोघरी पोचलं. पण शब्द ज्ञानेश्वरांचे, म्हणजे तेराव्या शतकातले. विशीत ज्यांनी लिहिलं आणि 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्यांनी इथे एका विरहिणीचा आवाज घेतलाय. 'वो', 'बाइयांनो' असं ती मैत्रिणींशी बोलते. अशा रचनांना विराणी म्हणतात. त्यातलं सगळं सामान प्रेमकवितेचंच आहे. चांदणं, चाफा, चंदन, फुलांची शेज, म्हणजे अंग निववायला जे जे लावायचं ते सगळं. आणि झालंय उलटंच, 'चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी'. विरहात गार वस्तू पोळतात, ही आपल्याकडच्या कवितेतली जुनी रीत. कोकिळेला गप्प करा असं ती सांगते, तेव्हा मला तर हसूच येतं. इतकी वैतागलीय बिचारी!

आता पहिलं कडवं परत ऐका. 'भवतारकु हा कान्हा'. चालीच्या ओघात तो शब्द आपण कधी ऐकतच नाही. संसारातून तारून नेणारा, असं कुठली मुलगी आपल्या मित्राला म्हणेल? म्हणजे अर्थ कुठे लपवून ठेवलेला नाही. दारातच उभा आहे, आपण त्याच्या बाजूने आत शिरतो.

आणि शेवट असा:

'दर्पणी पाहता रूप न दिसे वो आपुले ।
बाप रखुमादेविवरे विठ्ठले मज ऐसे केले ॥'

ती आरशात बघते आणि तिला तिचा चेहरा दिसत नाही. एरवी प्रेमगीतात नायिका आरशासमोर बसते ती कुंकू नीट करायला, तो येणार म्हणून. तिचं 'मी' कधी जात नाही. रडेल, रुसेल, वाट पाहील, पण उरते. इथे ज्याला बोलवत होती तो आलाच नाही, आणि बोलवणारी मात्र गेली. मोठमोठे वेदान्ती शब्द एकही नाही, फक्त एक रिकामा आरसा. हे विठ्ठलाने केलं एवढंच ती सांगते. तक्रार आहे की कौतुक, तेसुद्धा कळू देत नाही. तुमचं अध्यात्म इथे आहे.

आणखी एक गंमत त्याच ओळीत आहे, आणि मला ती जास्त आवडते. प्रियकरासाठी तळमळणारी बाई शेवटी त्याला 'बाप' म्हणते! ही ज्ञानदेवांची नेहमीची मुद्रा, नाममुद्रेसारखी शेवटी येणारी. जुन्या मराठीत 'बाप' नुसत्या आदरानेही येतो, मान्य. पण ज्ञानदेवांच्या वडिलांचं नाव विठ्ठलपंत आणि आईचं रुक्मिणी होतं, आणि ही मुलं लहानपणीच पोरकी झाली असं परंपरा सांगते. हे आठवलं की 'बाप रखुमादेविवर' मला नुसती मुद्रा म्हणून ऐकता येत नाही. ही माझी समजूत आहे, पुरावा मागू नका.

देवावरचं प्रेम म्हणजे प्रियकर-प्रेयसीचं, ही सवय आपल्याला कव्वाली आणि हिंदी गाण्यांनी लावलीय. मराठीत ती वाट आहे. विराण्या आहेत, गौळणी आहेत, आणि गौळण तर तमाशाच्या फडातही गणानंतर उभी राहते. पण वारकऱ्यांची मोठी वाट दुसरी. त्यांचा देव माउली, आणि पंढरपूर हे माहेर. एकनाथांचं 'माझे माहेर पंढरी' भीमसेन जोशींच्या आवाजात तुम्ही ऐकलंच असेल. आणि तुकोबांना देवाच्या भेटीची ओढ सांगायची होती तेव्हा त्यांना काय सुचलं बघा: 'कन्या सासुरासी जाये, मागे परतोनी पाहे'. सासरी निघालेली पोर मागे वळून बघते, तसं माझ्या जिवाचं झालंय, केव्हा भेटशील? लग्न हे इथे मीलन नाहीच. लग्न म्हणजे ताटातूट, आणि देव मागे राहिलेल्या घरात.

मी लग्न होऊन इंदूरला गेले. पहिल्या आषाढात सासूबाईंनी सकाळी रेडिओ लावला आणि तुकोबांचा हाच अभंग लागला. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, "बंद करू का गं?" मी नको म्हटलं. त्याही चाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या. आम्ही दोघींनी तो उभ्यानेच ऐकला आणि त्याबद्दल पुढे कधी बोललो नाही.

म्हणून काकांना सांगा, लग्नात चालणार नाही अशी गाणी निवडायचीच असतील तर आधी तुकोबांचं काढावं लागेल. मुलीकडचे सगळे रडतील.

तुम्ही शेवटी विचारलंय की हल्लीच्या प्रत्येक गाण्यातल्या 'तू'च्या जागी देव घालून ऐकता येईल का. ऐकता येईल, कोण अडवतंय. मला मात्र तो खटाटोप वाटतो. पावसात भिजणाऱ्या जोडप्याच्या गाण्यात जीव-शिव शोधणारे लेख वाचले की त्या जोडप्याची दया येते; त्यांना सुखाने भिजू द्यावं. मी बघते ते एवढंच, की शेवटच्या कडव्यात गाणाऱ्याचा 'मी' होता तेवढाच उरलाय का. बहुतेक गाण्यांत उरतो, थोडा फुगलेलाही असतो. ती गाणी वाईट नाहीत, मीही गुणगुणते.

नाचाबद्दल एकच. चौथं-पाचवं कडवं वेळेअभावी गाळलंत तरी आरशाचं गाळू नका. आणि काही झालं तरी शेवटी नवरदेवाला मोरपीस लावून मंचावर आणू नका. तिला एकटीलाच आरशासमोर राहू द्या, आणि दिवे घालवा.