इको नाही, बालहृदयतज्ज्ञ नाही. अशा ठिकाणी जन्मजात हृदयविकाराचं बाळ ओळखायला आणि सावरायला स्टाफला काय शिकवावं?

नमस्कार डॉक्टर. तुम्ही लिहिलंय की तुम्ही मध्य प्रदेशात बडवानीकडच्या सरकारी रुग्णालयात आहात, एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विशेष विभाग) आहे, पण इको (हृदयाची सोनोग्राफी) नाही आणि बालहृदयतज्ज्ञ थेट इंदूरला. मध्यंतरी काही बाळांना सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) समजून उपचार झाले आणि पुढे हृदयाचा दोष निघाला. आता नर्सेस आणि नव्या मेडिकल ऑफिसरांना शिकवायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे, आणि सुरुवात कुठून करावी हा प्रश्न आहे.

मी इंदूरला नवजात विभागात काम करते. धार, झाबुआ, खरगोन, बडवानीकडून पाठवलेली बाळं आमच्याकडे येतात आणि तिकडच्या स्टाफच्या प्रशिक्षणांतही मी शिकवते. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

पहिली विनंती: आजारांच्या नावांपासून सुरुवात करू नका. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणं तिथेच अडकतात. स्लाइडवर एकामागून एक फॅलो, ट्रान्सपोझिशन, ट्रायकस्पिड अट्रेझिया अशी दोषांची नावं येत राहतात, सिस्टर वहीत उतरवून घेतात, आणि रात्रीच्या ड्युटीला त्यातलं काही उपयोगी पडत नाही. वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या खाटेवर, बाळ तीनच रूपांत समोर येतं. एक निळं बाळ, ज्याचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ऑक्सिजन देऊनही चढत नाही. दुसरं राखाडी पडलेलं, गार पायांचं, शॉकमधलं, म्हणजे अवयवांना रक्त पुरत नसलेलं. तिसरं धापा टाकणारं, ज्याचं यकृत हाताला मोठं लागतं. ही तीन रूपं ओळखता आली आणि प्रत्येक वेळी ‘हृदय तर नाही ना?’ हा प्रश्न मनात आला, की निम्मं काम झालं. नेमकं नाव आम्ही इको करून सांगू.

आकडे एकदाच सांगा, पण त्यांच्या रुग्णालयाच्या हिशेबात सांगा. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा गंभीर, म्हणजे पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरचा (रक्तवाहिनीतून नळी घालून केलेला) उपचार लागणारा. वर्षाला ५,००० बाळंतपणं होणाऱ्या ठिकाणी हे हिशेबाने ४० हून अधिक बाळं, त्यात १० च्या आसपास गंभीर. हे गणित फळ्यावर मांडलं की ‘आपल्याकडे असं कुठं येतं’ हे वाक्य बंद होतं.

त्यानंतर शिकवायची ती डक्ट. अख्ख्या विषयाची किल्ली तिथे आहे, म्हणून तिला भरपूर वेळ द्या. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं श्वासाचं काम करत नसतात. फुफ्फुसाच्या धमनीतलं बरंचसं रक्त डक्टस आर्टेरिओसस या नळीतून महाधमनीत जातं. जन्मानंतर पहिल्या एक ते तीन दिवसांत ही नळी आकसून बंद होते. निरोगी बाळाचं त्याने काही अडत नाही. पण ज्याचा फुफ्फुसाकडे किंवा शरीराकडे जाणारा मूळ रस्ताच बंद किंवा फार अरुंद आहे, ते बाळ या नळीवर जगत असतं. पुढचं दार चिणलेलं आणि सगळी ये-जा मागच्या दाराने, असं ते घर असतं. मागचं दार लागलं की काही तासांत बाळ कोसळतं.

हे नीट उमगलं की वेळेचा अर्थही लागतो. जन्मताना बाळ चांगलं रडलं, वजन छान, दूध प्यायलं, घरी गेलं आणि तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान एकदम मलूल होऊन परत आलं, ही हृदयाच्या बाळाची अगदी ओळखीची कहाणी आहे. सेप्सिसची कहाणीही हुबेहूब अशीच असते, म्हणून घोळ होतो. दोन्हींतलं एक निवडायची मात्र गरज नाही. अँटिबायोटिक सुरू करा आणि त्याच वेळी हृदयाचाही शोध घ्या. स्टाफच्या मनात हे पक्कं बसवा, कारण ‘सेप्सिस आहे’ असं केसपेपरवर एकदा लिहिलं गेलं की पुढच्या तिन्ही शिफ्ट तेच वाक्य पुढे ढकलतात.

स्टेथोस्कोपवरचा भरवसाही थोडा कमी करायला शिकवा. मरमर (हृदयातला जादा आवाज) ऐकू आली नाही म्हणजे हृदय ठीक, असं धरून चालणारे खूप आहेत. ट्रान्सपोझिशनचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेलं बाळ बहुधा चांगल्या वजनाचं असतं, फुफ्फुसं स्वच्छ, श्वासाला फारसा त्रास नाही, मरमर नाही, फक्त निळं. आणि तो निळेपणाही डोळ्यांना सहज दिसत नाही. सॅच्युरेशन ८५ च्या आसपास असलेलं बाळ ट्यूबलाइटच्या उजेडात, सावळ्या कातडीवर, भल्या-भल्यांना गुलाबी वाटतं. त्यात रक्त कमी असेल तर विचारूच नका.

त्यामुळे ऑक्सिमीटर. जन्मानंतर २४ तास झाले की, किंवा त्याआधी सुट्टी होणार असेल तर सुट्टीपूर्वी, प्रत्येक बाळाच्या उजव्या हाताचं आणि कोणत्याही एका पायाचं सॅच्युरेशन बघायचं. उजवाच हात, कारण त्याची रक्तवाहिनी महाधमनीपासून डक्टच्या आधी वेगळी होते. पायाला डक्टनंतरचं रक्त जातं. दोन्ही ठिकाणी ९५ किंवा जास्त आणि दोघांतला फरक ३ पेक्षा जास्त नाही, तर बाळ पास. कुठेही ९० च्या खाली आलं तर लगेच डॉक्टर. मधलं काही असेल तर तासाभराने पुन्हा. अमेरिकेत २०११ पासून ही तपासणी नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या चाचण्यांच्या यादीत आहे. आपल्याला त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, एसएनसीयूत मॉनिटर आहेच.

पण हात धरून शिकवावं लागतं ते प्रोब लावणं. मोठ्यांच्या बोटाला लावायची बाजारातली चिमटीवाली ऑक्सिमीटर इथे चालत नाहीत. गुंडाळायचा नवजात बाळाचा प्रोबच हवा. दिवा आणि सेन्सर समोरासमोर आले पाहिजेत. पाय गार असेल तर आधी ऊब द्या. फोटोथेरपी चालू असेल तर प्रोबवर कापड टाका. मॉनिटरवर नाडीच्या लहरी नीट उमटेपर्यंत आकडा लिहायचा नाही. रडणाऱ्या बाळाचा आकडा तर मुळीच लिहायचा नाही. मी प्रत्येक सिस्टरकडून हे खऱ्या बाळावर, आईच्या कुशीत असताना, करून घेते. जी सिस्टर स्वतः लहर बघून ‘मॅडम, अभी रुकिए, वेव्ह ठीक नहीं है’ म्हणते, तिची मला पुढे काळजी नसते.

ही तपासणी सगळं पकडत नाही हेही सांगून ठेवा. महाधमनी अरुंद असण्याचा दोष, कोआर्क्टेशन, हिच्यातून हमखास निसटू शकतो. त्यासाठी जांघेतली नाडी. पूर्ण प्रशिक्षणातलं एकच कौशल्य निवडायला सांगितलं तर मी फेमोरल नाडी निवडेन. फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटात होते. नवखी बोटं जोरात दाबतात आणि नाडीच दाबून टाकतात. बाळाची मांडी हळूच बाहेरच्या बाजूला वळवायची, जांघेच्या घडीच्या मधोमध बोटाचं टोक फक्त टेकवायचं आणि थांबायचं. दुसऱ्या हाताने त्याच वेळी उजव्या दंडाची नाडी धरायची. दंडाची ठणठणीत आणि जांघेची लागतच नाही, तर चारही हातापायांचं बीपी घ्यायचं. हातापेक्षा पायाचं वरचं बीपी २० ने कमी आलं तर ते बाळ हृदयाचं समजून फोन करायचा. दोन्हीकडे सारखंच आलं तरी नाडी लागत नसेल तर शंका सोडायची नाही, कारण शॉकमध्ये सगळीकडचंच बीपी खाली असतं.

तुमच्यासारख्याच एका युनिटमधलं एक बाळ सांगते. सातव्या दिवशी आलं, दूध सोडलेलं, श्वास ७० च्या वर, शुगर कमी, सगळं सेप्सिससारखं. रात्रीच्या सिस्टरने नियमाप्रमाणे दोन्ही प्रोब लावले: हात ९६, पाय ८४. तिने कोआर्क्टेशन हा शब्द उच्चारलाही नाही. डॉक्टरांना एवढंच म्हणाली, ‘सर, पैर का कम आ रहा है, और नाड़ी नहीं मिल रही.’ त्या एका वाक्यावर औषध सुरू झालं, बाळ इंदूरला लघवी करत, म्हणजे मूत्रपिंडांना रक्त मिळत असताना, पोचलं आणि शस्त्रक्रिया होऊन घरी गेलं. मला स्टाफकडून हवं असतं ते हेच वाक्य.

ते औषध म्हणजे प्रोस्टाग्लँडिन ई१, अल्प्रोस्टाडिल. डक्ट उघडी ठेवायला १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ते वापरात आहे आणि त्यानेच ही बाळं शस्त्रक्रियेपर्यंत टिकायला लागली. इको होईपर्यंत थांबू नका. शंका बळकट असेल तर हृदयतज्ज्ञांशी फोनवर बोलून सुरू करा. शिकवताना डोस आकड्यांत सोडवून दाखवा. ५०० मायक्रोग्रॅमचं एक अँप्यूल एकूण ५० मिलिलिटरमध्ये केलं की एका मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम. ३ किलोच्या बाळाला किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅम द्यायचं तर तासाला ९ मायक्रोग्रॅम, म्हणजे सिरिंज पंपावर तासाला ०.९ मिलिलिटर. दोन, अडीच, तीन, साडेतीन किलो असा तक्ता करून फ्रिजच्या दारावर चिकटवा, कारण औषध फ्रिजमध्येच असतं. परिणाम दिसला की डोस खाली आणतात, तो निर्णय फोनवरच होऊ द्या. धोका एकच मोठा, बाळ श्वास थांबवू शकतं, छोट्या बाळात आणि जास्त डोसला अधिक. बॅग-मास्क उशाशी हवाच. ताप येतो, अंग लाल होतं, बीपी उतरतं. आणि औषधाची लाइन वेगळी ठेवा. ते रक्तात काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे लाइन निघाली की परिणामही गेला. दुसरी लाइन आधीच घालून ठेवलेली असावी.

एक अपवाद ध्यानात ठेवा. फुफ्फुसाच्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या आणि त्यात अडथळा असेल तर एक्स-रे न्यूमोनियासारखा पांढुरका दिसतो, बाळ निळंच राहतं, आणि या औषधाने सुधारत नाही, कधी बिघडतंही. औषध सुरू करून बाळ खालावलं तर तेही लगेच फोनवर कळवा. त्या बाळाला शस्त्रक्रियेच्या टेबलाशिवाय दुसरा उपाय नाही.

ऑक्सिजनबद्दल स्टाफशी शांतपणे बोला. डोळ्यांसमोर ७८ दिसत असताना नॉब फिरवायचा नाही, हे कोणत्याही सिस्टरच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण डक्टवर जगणाऱ्या बाळाला ७५ ते ८५ पुरतं. जास्त ऑक्सिजनने डक्ट आकसते, आणि काही बाळांत फुफ्फुसाकडे इतकं रक्त वळतं की शरीर उपाशी राहतं. निदान कळायच्या आधी धाप लागलेल्या बाळाला ऑक्सिजन नाकारू नका. फक्त १०० च्या मागे धावू नका. शॉकमध्ये सलाइनही बेताने, किलोमागे ५ ते १० मिलिलिटर, आणि प्रत्येक वेळी यकृत किती खाली आलं ते हाताने बघून.

बाकी शुगर, ऊब, श्वास हे तुमच्या स्टाफला येतंच. फक्त गाडीत बसल्यावर ते विसरलं जातं. डिसेंबरच्या रात्री मानपूरच्या घाटात खिडकी उघडी ठेवलेल्या गाडीतून आलेलं बाळ ३४ डिग्रीवर पोचतं आणि मग बाकीचं सगळं केलेलं वाया जातं. बाळाबरोबर पंपाची बॅटरी, दुसरं भरलेलं सिरिंज, बॅग-मास्क आणि कांगारूसाठी (बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायला) आई किंवा मावशी. निघण्याआधी फोन झालाच पाहिजे, म्हणजे कॅथलॅब आणि बेड तयार राहतो. ट्रान्सपोझिशनच्या काही बाळांना फुग्याने हृदयातली भिंत उघडावी लागते, डॉ. रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये दाखवलेली पद्धत, आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो.

आशा दीदींना यातून वगळू नका. संस्थेत बाळंतपण झालं तरी त्या तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी जातात, आणि डक्ट बंद होण्याचा काळ नेमका तोच. त्यांना ऑक्सिमीटर नको, चार प्रश्न पुरेत: दूध सोडलं का, श्वास मिनिटाला ६० च्या वर आहे का, पाय गार आहेत का, रंग राखाडी किंवा निळा वाटतो का.

हे सगळं एका दिवसाच्या शिबिरात मावत नाही. मला विचाराल तर मोठं शिबिर एकदाच ठेवा आणि मग दर महिन्याला अर्धा तास वॉर्डातच, बाहुली घेऊन, रात्रीच्या शिफ्टसकट. बदल्या होतात, नवे चेहरे येतात, आणि वर्षभर न वापरलेला पंपाचा हिशेब कुणालाच आठवत नाही. कुणाला उत्तर आलं नाही तर सगळ्यांसमोर टोकू नका, पुढच्या वेळी रात्री फोन करायला ती कचरेल.

आई-बापाशी कोण आणि काय बोलणार हेही सरावात घ्या. ‘हृदयाची शंका आहे, इंदूरला पक्कं कळेल, यातल्या बऱ्याच दोषांवर आज इलाज आहे’, इतकं स्पष्ट. शून्य ते १८ वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जन्मजात हृदयविकार त्यात येतो, हे कागदावर लिहून द्या आणि जिल्ह्याच्या केंद्रातल्या माणसाचा नंबरही. पैशांच्या धास्तीने बाळ अर्ध्या वाटेतून घरी वळवल्याचं आम्ही बघतो.

आणि पाठवलेल्या प्रत्येक बाळाचं पुढे काय झालं ते आमच्याकडून मागून घ्या, हक्काने. निदान काय निघालं, तुमचं औषध बरोबर होतं का, बाळ घरी गेलं का. ते ज्या सिस्टरने पाठवलं तिच्यापर्यंत पोचवा, तिच्या नावानिशी. तुमच्या रुग्णालयाच्या तक्त्यात कोणता पंप आणि किती मिलिलिटरची सिरिंज आहे ते इथेच कमेंटमध्ये लिहा, डोसचा तक्ता त्या हिशेबाने आपण दोघं मिळून तपासू.