चार-पाच टर्म खासदार राहिलेल्याची संपत्ती शपथपत्रावरून खरंच कळते का?

प्रश्न असा आहे: "आमच्या सांगली-साताऱ्याचे जुने खासदार गरीब आणि आताचे कोट्यधीश, हे खरं का? एखाद्याची संपत्ती किती वाढली हे कसं तपासायचं?"

पहिल्या भागाचं उत्तर कागदावरून देता येणार नाही, कारण जुन्यांचे कागदच नाहीत. उमेदवारी अर्जासोबत संपत्तीच्या शपथपत्राची सक्ती आली सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे. यशवंतराव चव्हाण १९८४ साली गेले, तेव्हा असलं काही भरायचंच नसे. कराडच्या जुन्या खासदार प्रेमलाकाकी चव्हाणांचं तेच. सांगलीचे प्रकाशबापू पाटील १९८४ पासून पाच वेळा निवडून आले, त्यांतल्या फक्त २००४ च्या निवडणुकीला शपथपत्र होतं. दर २५ नोव्हेंबरला, यशवंतरावांच्या पुण्यतिथीला, कराडच्या प्रीतिसंगमावरच्या त्यांच्या समाधीच्या फोटोखाली साहेबांच्या खात्यातली शिल्लक आणि शेजारी आताच्या कुणाचा तरी एकूण आकडा, असा मेसेज फिरतो, आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. साहेब साधे राहिले यावर वाद नाही. पण बँकेतली शिल्लक आणि रानाचा बाजारभाव एका तराजूत कसा घालता?

"पगारातूनच कमावलं" म्हणणाऱ्यांसाठी: खासदारांच्या पगाराच्या १९५४ च्या कायद्यात महिना ४०० रुपये होते. १ एप्रिल २०२३ पासून १,२४,००० आहेत, शिवाय मतदारसंघ भत्ता ८७,००० आणि अधिवेशनात हजेरीच्या दिवसाला २,५००. पेन्शन ३१,०००, पाच वर्षांच्या वरच्या प्रत्येक वर्षाला २,५०० जादा; म्हणजे पंधरा वर्षंवाल्याला ५६,०००. खासदार निधीचे वर्षाचे ५ कोटी त्याच्या खिशात येत नाहीत. तो कामं सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासनाची.

आता तपासणी. निवडणूक आयोगाच्या साइटवरून नमुना २६, म्हणजे हेच शपथपत्र, उतरवा, त्याच माणसाच्या सगळ्या निवडणुकांचे. शेवटी गोषवारा असतो, तिथली बेरीज आधी बघूच नका. स्थावरचा तक्ता उघडा. त्यात गट नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित की स्वतः घेतलेली, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, त्यावर केलेला खर्च आणि आजचा अंदाजे भाव असे रकाने असतात. समजा हायवेला लागून दोन हेक्टर वडिलोपार्जित रान आहे. २०१४ ला ५० लाख लिहिलं, २०२४ ला ४ कोटी. पेपरात मथळा "संपत्ती आठपट". गड्यानं एक गुंठा घेतलेला नाही! खरी वाढ म्हणजे मागच्या शपथपत्रात नसलेला गट नंबर आणि खरेदीची तारीख टर्मच्या आतली. तो नंबर घेऊन सातबारा काढा, मग फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद. फेरफारात खरेदीखत आहे, वाटप आहे, वारसनोंद आहे की बक्षीसपत्र, ते कळतं. बक्षीसपत्र दिसलं तर देणारा कोण, एवढंच विचारा.

सोनं रुपयांत नाही, ग्रॅममध्ये वाचा. ग्रॅम तेवढेच आणि किंमत दुप्पट, तर त्यानं काही केलेलं नाही. कर्जाच्या रकान्यात बँकेपेक्षा नातेवाईक आणि घरच्याच फर्मची नावं जास्त असतील तर तिथं थांबून वाचा.

उत्पन्नाच्या रकान्यावर बरेच जण फसतात. २०१९ पासून पाच वर्षांच्या आयकर रिटर्नचे आकडे द्यावे लागतात, पण तो करपात्र आकडा. मतदारसंघ भत्ता करमुक्त, शेती करमुक्त. उसाचं बिल आणि द्राक्षाची पट्टी त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून "पंधरा-सोळा लाख उत्पन्न आणि दारात नवी गाडी" यावर लगेच चोर म्हणू नका. अर्थात शेतीच्या नावाखाली काहीही दाखवता येतं, हेही खरं.

शपथपत्रात काय नसतं ते जास्त महत्त्वाचं. पती किंवा पत्नी, अवलंबून असलेले आणि एकत्र कुटुंब एवढेच रकाने. स्वतः कमावता सज्ञान मुलगा त्यात येत नाही. त्यामुळं मागच्या वेळी असलेला गट यावेळी गायब झाला, तर फेरफार बघाच. साखर कारखाना सभासदांचा, कॉलेज ट्रस्टचं. अध्यक्ष तीस वर्षं तोच असला तरी तो त्याच्या नावावर नसतो. आपल्याकडं खासदाराची खरी ताकद तिथं असते, आणि ती रुपयांत लिहिण्याचा रकानाच नाही.

एक राहिलं. आजचा भाव उमेदवार स्वतःच लिहितो, निवडणूक अधिकारी तो खरा की खोटा बघत नाही. रकाना कोरा ठेवला तर मात्र अर्ज बाद होऊ शकतो, म्हणून सगळीकडं "निरंक", म्हणजे काही नाही, असं दिसतं. खोटं लिहिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. विनासहीचा सातबारा सरकारच्या महाभूलेख साइटवर फुकट दिसतो, सहीचा १५ रुपयांत. पुढच्या २५ नोव्हेंबरला तो मेसेज आला की पाठवणाऱ्याला आधी गट नंबर विचारा.